अण्णांच्या नावानं आलेले साडेचारशे रुपये

अण्णा गेले ११ सप्टेंबर २०२३ला, मिरजेच्या दवाखान्यात. त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसला नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी पोस्टमन एक लांबट पाकीट देऊन गेला. आत लाभांशाचं वॉरंट होतं, म्हणजे अण्णांच्या शेअर्सवरच्या नफ्याच्या वाट्याचा कंपनीनं पाठवलेला चेक. रक्कम चारशे पन्नास रुपये, तारीख १५ सप्टेंबर, आणि इंग्रजीत छापलेलं अण्णांचं पूर्ण नाव. आईनं चष्मा लावून ते नाव वाचलं आणि कागद देवघराच्या फळीवर ठेवून दिला. हळदीकुंकवाच्या करंड्याखाली.

पुढच्या दोन महिन्यांत त्या करंड्याखाली आणखी कागद जमले. दूध संस्थेचा दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणारे जादा पैसे. आयकर परताव्याचा संदेश. सप्टेंबरची पूर्ण पेन्शन खात्यावर जमा झाल्याची नोंद. शिवाय अण्णांच्या पुस्तकांत खुणेसाठी घातलेली, कधीच न वटवलेली दोन जुनी वॉरंटं सापडली, एक साडेतीनशेचं, एक तीनशेचं. सगळं त्यांच्या नावानं.

ठेवी आणि विमा यांचं काम महिन्या-दीड महिन्यात झालं, कारण दोन्हीकडे आईचं नामनिर्देशन होतं. रखडलं ते या किरकोळ रकमांचं. रक्कम चारशे असो नाहीतर चार लाख, समोरच्याला कागद जवळपास तेवढेच लागतात आणि चारशेसाठी कुणी टेबलावरून उठून मदत करत नाही. या कामात माझे दहा-अकरा महिने गेले. कुणीतरी आधी सांगितलं असतं तर यातले निम्मे हेलपाटे वाचले असते, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट मृत्यूच्या दाखल्याची. मृत्यूची नोंद माणूस जिथे जातो तिथे होते, त्याच्या गावी नाही. आमचं गाव वाळवा तालुक्यात, पण दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा. भाऊ आधी ग्रामपंचायतीत जाऊन एक दिवस घालवून आला. अण्णांचं नाव दत्तात्रय. मराठीत एकच, पण इंग्रजीत आधार कार्डावर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं आणि शेअर सर्टिफिकेटवर तिसरं. दवाखान्यानं पाठवलेल्या माहितीत चौथंच होतं. दाखला हातात येताच आम्ही ते पाहिलं आणि आधार कार्ड जोडून दुरुस्तीचा अर्ज केला. दाखला मिळताच तो आधार आणि पॅनशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. मूळ प्रतीही भरपूर घ्या. आम्ही दहा घेतल्या, आठ लागल्या.

आता त्या वॉरंटाकडे येते.

अण्णांची बँकेत दोन खाती होती. एक पेन्शनचं, आई आणि ते दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल त्यानं चालवायचं. दुसरं जुनं बचत खातं एकट्या अण्णांचं, नामनिर्देशन आईचं. लाभांश, कराचा परतावा, किरकोळ सगळं या दुसऱ्या खात्यात यायचं. त्यात एकतीस हजार होते आणि एटीएमचा पिन आईला पाठ होता.

चुलत भाऊ म्हणाला, "अगं, बँकेला अजून कुठं कळवलंयस? वॉरंट टाक खात्यात, चार दिवसांनी कार्डानं सगळं काढून घे, मग दाखला दे." तो वाईट माणूस नाही. गावात निम्मे लोक असंच करतात आणि बहुतेकांना काही होत नाही. माझाही त्या संध्याकाळी जवळजवळ तोच विचार झाला होता. पण अण्णांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. शाळेच्या सहलीचा हिशेब ते शेवटच्या रुपयापर्यंत फळ्यावर मांडायचे. त्यांच्या जाण्यानंतर त्यांच्या कार्डावर त्यांचा आकडा दाबून पैसे काढायला माझा हात धजला नाही. आणि कायद्यानंही ते चूकच आहे. खातेदार गेला की त्याच्या कार्डाचा, त्याच्या सहीचा अधिकार त्याच क्षणी संपतो, बायकोलासुद्धा तो उरत नाही. जिच्या नावे नामनिर्देशन आहे तीही ते पैसे सगळ्या वारसांच्या वतीनं घेते, मालक म्हणून नव्हे. शेअर्सच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात हे स्पष्ट केलं. आमच्यात भांडण नव्हतं, पण भांडण नसतानाच हिशेब स्वच्छ ठेवणं सोपं जातं.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं वॉरंट बघितलं आणि म्हणाली, "हे सरांच्या नावाचं आहे. सरांचं खातं आता बंद होणार. काकूंच्या खात्यात हे जमा होणार नाही." मला तेव्हा राग आला. आई त्यांची बायको, शेजारी उभी, हातात दाखला, रक्कम साडेचारशे. पण ती मुलगी बरोबर होती. चेक ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जातो. मागे वारसानं सही करून चालत नाही. आणि चेकची मुदत तीन महिने. ती गेली की तो नुसता कागद.

तिथंच मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगाची माहिती मिळाली. खातं बंद करून पैसे देण्याच्या अर्जात एक छोटं कलम होतं. माणूस गेल्यावरही त्याच्या नावानं जे पैसे येत राहतील त्यांचं काय करायचं, हे बँकेला तिथं लिहून द्यायचं असतं. रिझर्व्ह बँकेनं २००५ पासून यासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. एक, 'कै. अमुक यांची मालमत्ता' अशा नावाचं खातं उघडायचं. येणारे पैसे त्यात जमा होतील, पण काढता येणार नाहीत. दुसरी, आलेले पैसे 'खातेदार मयत' असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत करायचे आणि वारसाला तसं कळवायचं. मग वारसानं पाठवणाऱ्याला गाठून पैसे स्वतःच्या नावावर करून घ्यायचे.

बहुतेक जण त्या कलमापुढे काहीही न वाचता सही करतात. आम्हीही केली असती. त्या मुलीनं बोट ठेवून वाचायला लावलं, याबद्दल तिचे उपकार आहेत. आम्ही दुसरी वाट घेतली, कारण पैसे कुठून कुठून येणार हे आम्हाला माहीत होतं. जिथे वडिलांचे व्यवहार अनेक आणि घरच्यांना ठाऊक नाहीत, तिथे मी पहिली वाट सुचवेन. निदान एका जागी पैसे जमा होऊन काय काय येत होतं ते तरी कळेल. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेनं मृत खातेदारांच्या दाव्यांचे नियम नव्यानं एकत्र केले. कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्यायची, असं त्यात आहे. आमच्या वेळी त्या खात्याला दोन महिने लागले.

पेन्शनचं काम मला सर्वांत अवघड जाईल असं वाटलं होतं, तेच सरळ निघालं. सप्टेंबरची पेन्शन पूर्ण महिन्याची आली होती. अण्णांचा हक्क अकरा दिवसांचा, उरलेले एकोणीस दिवस परत करायचे. आईला हे कळल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. "घेतलेले पैसे परत मागतात म्हणजे काय," हेच म्हणत होती. मी तिला समजावलं की ज्या तारखेपर्यंत अण्णा होते त्या तारखेपर्यंत त्यांची पेन्शन, दुसऱ्या दिवसापासून तुझी. मधे एक दिवसही मोकळा जात नाही. हे ऐकून ती शांत झाली. कोषागारात दाखला, अण्णांच्या पेन्शनच्या आदेशाची प्रत आणि आईचे फोटो दिले. त्या आदेशावर दोघांचा एकत्र फोटो असतो, निवृत्तीच्या वर्षी काढलेला. अण्णांनी त्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय आणि आई जरा घाबरल्यासारखी दिसते. कोषागारातल्या बाईंनी फोटो बघून आईकडे बघितलं आणि "बसा काकू" म्हणून खुर्ची दिली. जानेवारीत कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं.

त्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेशच पुढे आयकराच्या कामी आला, हे मला आधी माहीत असतं तर दीड महिना वाचला असता. अण्णांनी जुलैत स्वतः विवरणपत्र भरलं होतं. ठेवींच्या व्याजावर बँकेनं कापलेला कर, तीन हजार एकशे वीस रुपये, परत मिळायचा होता. परतावा निघेपर्यंत त्यांचं खातं बंद झालेलं, त्यामुळे पैसे परत गेले. तो पुन्हा मागायचा तर आयकराच्या संकेतस्थळावर वारसानं स्वतःच्या पॅननं शिरून 'मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस' म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा. मी या पुराव्यासाठी कोर्टाच्या दाखल्याची चौकशी करत फिरत होते. वकिलांनी सांगितलेली फीच परताव्यापेक्षा जास्त होती. शेवटी संकेतस्थळावरची यादी शांतपणे वाचली. त्यात कुटुंब निवृत्तिवेतनाचा सरकारी आदेशही पुरावा म्हणून चालतो, असं स्वच्छ लिहिलं होतं. तो तर आईच्या ट्रंकेत होता. फेब्रुवारीत अर्ज टाकला, मंजुरी आली, आईच्या खात्याचा तपशील देऊन परताव्याची पुन्हा विनंती केली आणि एप्रिलमध्ये पैसे आले. १ एप्रिल ते ११ सप्टेंबर २०२३ एवढ्या काळाचं अण्णांचं शेवटचं विवरणपत्रही मग आईनंच वारस म्हणून भरलं. ते भरेपर्यंत अण्णांचं पॅन रद्द करायला देऊ नये.

दुधाच्या फरकाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायचंय.

आमच्याकडे दोन म्हशी. अण्णा शाळेत जायचे. धार आई काढायची, पहाटे आणि संध्याकाळी, तीस वर्षं. दूध संस्थेत घालायला मी नाहीतर भाऊ. पण सभासद अण्णा, पासबुक अण्णांचं, बिल अण्णांच्या नावाचं. दिवाळीआधी वर्षभराच्या दुधावर फरक मिळतो. त्या वर्षीचा निघाला दोन हजार तीनशे चाळीस. सचिव म्हणाले, "ताई, सरांच्या नावचा आहे, मी असा हातात देऊ शकत नाही. वारस कोण लावलाय बघतो." त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. सभासद होताना, १९८८ साली, अण्णांनी वारस म्हणून आजीचं नाव लिहिलं होतं. आजी जाऊन बावीस वर्षं झाली. नाव बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आई तिथंच बाकावर बसली होती. ती सचिवांना म्हणाली, "म्हशी मी पाळल्या, धारा मी काढल्या. फॅटचं मशीन यायच्या आधीपासून तुमच्या दारात दूध आमचंच पहिलं यायचं. आणि आता मी कोण ते सिद्ध करू?" सचिव मान खाली घालून बसले. ते नियम मोडू शकत नव्हते आणि आईचं म्हणणं खोटं नव्हतं.

सहकारी संस्थेचा सभासद गेला की त्याचा भाग ज्याच्या नावे नामनिर्देशन आहे त्याला, तो नसेल तर वारसाला द्यायचा, अशी तरतूद सहकार कायद्यातच आहे. आमच्याबाबतीत आजीचा मृत्यूचा दाखला शोधावा लागला, तो ग्रामपंचायतीत मिळाला. मग आम्ही तिघांनी, आई, भाऊ आणि मी, वारसांचं प्रतिज्ञापत्र केलं. आईच्या नावे सभासदत्व करायला भावाची आणि माझी हरकत नाही, असंही लिहून दिलं. भाऊ दिवाळीला बंगळुरूहून आला तेव्हा सगळ्या कागदांवर त्याच्या सह्या एकदम घेतल्या. संस्थेच्या मासिक सभेत ठराव झाला. मार्गशीर्षात फरक आईला मिळाला आणि पासबुकावर पहिल्यांदा तिचं नाव आलं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. घरात जे काम आई करते आणि ज्याचे पैसे वडिलांच्या नावानं येतात, ते नाव दोघं हयात असतानाच बदलून घ्या. निदान वारस म्हणून आजीचं नाव राहिलं असेल तर ते तरी आजच बघा.

शेअर्सचं काम सर्वांत शेवटी संपलं. अण्णांनी नव्वदच्या दशकात एका कंपनीचे पन्नास शेअर घेतले होते. पुढे एकास एक बोनस मिळून शंभर झाले. कागदी सर्टिफिकेट, एकट्याचं नाव, नामनिर्देशन नाही. वॉरंट आईच्या नावानं बदलून द्या, असं मी कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या शेअर्सच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, लिहिलं. उत्तर आलं की आधी शेअर्स आईच्या नावावर करा, लाभांश त्यामागून येईल. हे ऐकून आई म्हणाली, "सोड गं. साडेचारशेसाठी किती पळशील?" पण सोडून दिलं तर तिथंच थांबत नाही. लाभांश सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो आणि पाठोपाठ शेअरही जातात. परत मिळतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी वाट. अण्णांचं सर्वांत जुनं वॉरंट पाचव्या वर्षात होतं.

कागदी शेअर्सची किंमत एका कंपनीपुरती पाच लाखांच्या आत असेल तर कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं तशी सोय केली आहे. आमचे शेअर्स बावीस-तेवीस हजारांचे. तरी अर्ज आयएसआर-५, आईच्या केवायसीचा आयएसआर-१, सही बँकेकडून साक्षांकित केलेला आयएसआर-२, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईची हमी, भावाची आणि माझी ना-हरकत, आणि अण्णांची तिन्ही स्पेलिंगं एकाच माणसाची आहेत असं आणखी एक प्रतिज्ञापत्र. पहिल्या वेळी अर्ज परत आला, कारण आयएसआर-२ वर बँक अधिकाऱ्याचा शिक्का होता पण त्याचा कर्मचारी क्रमांक नव्हता. दुसऱ्या वेळी माझी ना-हरकत नोटरीशिवाय गेली होती. तेव्हा शंभराचा स्टॅम्प चालत होता. ऑक्टोबर २०२४पासून अशा बऱ्याच कामांना पाचशेचा लागतो.

जून २०२४मध्ये शेअर्स आईच्या नावावर केल्याचं पुष्टीचं पत्र आलं. इथं तेव्हा एक खड्डा होता, नीट वाचा. हे पत्र म्हणजे शेअर नव्हते. ते घेऊन एकशेवीस दिवसांच्या आत डीमॅट खात्यात, म्हणजे कागदाऐवजी संगणकावर शेअर ठेवायच्या खात्यात, शेअर जमा करून घ्यावे लागत. आईचं डीमॅट नव्हतंच. आम्ही धावतपळत उघडलं. अर्ज पाठवतानाच उघडून ठेवावं हे शहाणपण.

खर्चाचा हिशेब अण्णांच्या वहीत, त्यांच्याच पद्धतीनं, उजवीकडे समास सोडून लिहिला. शेअर्सच्या कामाला स्टॅम्प, नोटरी, स्पीड पोस्ट, झेरॉक्स मिळून चौदाशे दहा रुपये. तीन वॉरंटांचे मिळाले अकराशे. नुसत्या वॉरंटांकडे पाहिलं तर तीनशे दहा रुपये अंगावर आले. शेअर्स धरले तर अर्थातच नाही. दोन्ही आकडे मी लिहून ठेवलेत. कुणी म्हणालं की एवढ्याशा रकमेसाठी आम्ही हे करणार नाही, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. मला मात्र ते सोडवलं नसतं. शिक्षकाच्या त्या वेळच्या पगारातून वर्षभर बाजूला काढून त्यांनी ते पन्नास शेअर घेतले होते, आणि सर्टिफिकेटच्या पाठीमागे पेन्सिलनं 'मुलांसाठी' असं लिहिलं होतं. आम्ही ते फाइल उघडल्यावर पाहिलं.

रजिस्ट्रारनं मुदत गेलेली मूळ वॉरंटं परत मागितली होती. ती पाठवायच्या आधी आई म्हणाली, जरा थांब. आम्ही इस्लामपुरात झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिनं तिन्ही वॉरंटांच्या प्रती काढायला लावल्या. दुकानदार म्हणाला, एका पानावर तिन्ही बसतील. आई म्हणाली, वेगवेगळ्या काढा. मूळ कागद पाकिटात घालून मी पोस्टात दिले. प्रती पुन्हा करंड्याखाली गेल्या, त्याच जागी.

एप्रिल २०२४पासून कागदी शेअर्सचा लाभांश फक्त थेट खात्यातच जमा होतो, आणि डीमॅटचा तर तसाच होतो. त्यामुळे २०२४च्या सप्टेंबरात पोस्टमन आला नाही. आईनं पासबुक भरून आणलं आणि मला फोन केला. "हे पाचशे कुणाचे गं आलेत? इंग्रजीत कायतरी लिहिलंय."

मी कंपनीचं नाव सांगितलं. यंदा शेअरमागे पाच रुपये दिलेत, म्हणून पाचशे, असंही सांगितलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचेच."